बायोमेडिकल पीएचडीचं कोर्सवर्क लॅबच्या टेबलावर आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या भाचीला यंदा बायोकेमिस्ट्रीत पीएचडीला ॲडमिशन मिळाली. घरात सगळे खूश, तिच्या आजीनं तर गल्लीभर पेढे वाटले. गेल्या आठवड्यात तिनं मला कोर्सवर्कचं, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीला करायच्या अभ्यासक्रमाचं, टाइमटेबल व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि ते बघून मला रात्री झोप लागली नाही, कारण बारा वर्षांपूर्वी मला जे टाइमटेबल मिळालं होतं त्यात आणि ह्यात जेमतेम एका पेपरचा फरक आहे. रिसर्च मेथडॉलॉजी, कॉम्प्युटर ॲप्लिकेशन, रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, आणि नव्यानं आलेला रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स. शनिवार-रविवार क्लास, एकाच हॉलमध्ये कॉमर्सवाले, मराठीवाले, इतिहासवाले, केमिस्ट्रीवाले आणि त्यांच्यातच ही. पहिल्या दिवशी प्रश्नावली कशी तयार करायची ते झालं, दुसऱ्या दिवशी सॅम्पलिंगचे प्रकार. "मावशी, पीपीटी ग्रुपवर येते, परीक्षेला त्यातूनच विचारतात, तू कशाला एवढं मनावर घेतेस" असं तीच मला समजावत होती.

मनावर घ्यायचं कारण असं की ही मुलगी सहा महिन्यांनी कॅन्सरच्या पेशींवर काम सुरू करणार आहे, पेशंटचं रक्त हाताळणार आहे, आणि ह्या सहा महिन्यांत तिला त्यातलं काहीही कुणी दाखवणार नाहीये. मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. नोकरी करत करत सात वर्षांत पीएचडी केली, त्यातली जवळपास दोन वर्षं अशा चुका निस्तरण्यात गेली ज्या मला पहिल्या सहा महिन्यांत कुणीतरी शेजारी बसून दाखवल्या असत्या तर झाल्याच नसत्या. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण छापता येईल तेवढं छापा.

आधी नियमाचं बोलते, कारण कॉलेजात कुणालाही विचारा, "यूजीसीचं तसंच आहे" एवढंच उत्तर येतं. यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, तसं नाहीये. पीएचडीला कोर्सवर्क सक्तीचं झालं ते २००९ च्या नियमांनी. २०१६ च्या नियमात कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त १६ क्रेडिट असं आलं. आता जे लागू आहेत ते नोव्हेंबर २०२२ चे नियम, त्यात कमीत कमी १२ क्रेडिट, त्यात रिसर्च मेथडॉलॉजी आणि रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स हे दोन हवेतच, बाकी काय शिकवायचं ते विद्यापीठानं आणि विभागानं ठरवायचं. विद्यार्थ्याची जी रिसर्च ॲडव्हायझरी कमिटी असते ती मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्ससुद्धा क्रेडिटमध्ये धरायची शिफारस करू शकते. म्हणजे दार उघडं आहे. सगळ्या शाखांना एका हॉलमध्ये बसवून एकच मेथडॉलॉजी शिकवा असं त्यात लिहिलेलं नाही, ती आपण आपल्या सोयीनं लावून घेतलेली सवय आहे. सोय मला कळते, एकच प्राध्यापक, एकच हॉल, एकच पेपर, खर्च वाचतो. पण प्रश्नावली वापरून सर्व्हे करणाऱ्या मुलाची मेथडॉलॉजी आणि पेशी वाढवणाऱ्या मुलीची मेथडॉलॉजी एक कशी असेल? ऊस आणि द्राक्षं दोन्ही शेतीच, म्हणून छाटणीचा सल्ला एकच देतो का आपण?

आता माझी गोष्ट सांगते, कॉलेजचं नाव घेत नाही, आणि तसंही हे एका कॉलेजचं नाहीच.

माझं काम होतं एका वनस्पतीच्या अर्काचा कॅन्सरच्या पेशींवर परिणाम बघण्याचं. त्यासाठी एमटीटी नावाची टेस्ट करतात. तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट असते, तिला ९६ छोटे खड्डे, त्यांना वेल म्हणतात. प्रत्येक वेलमध्ये पेशी टाकायच्या, त्यावर अर्क टाकायचा, मग पिवळ्या रंगाचं एमटीटी टाकायचं. पेशी जिवंत असतील तर पिवळ्याचे जांभळे स्फटिक होतात, ते विरघळवून मशीनवर रंग मोजायचा, जितका गडद जांभळा तितक्या पेशी जिवंत. मी प्रत्येक डोस तीन वेलमध्ये टाकायचे, तीन रीडिंगची सरासरी काढायचे, खाली लिहायचे एन बरोबर तीन, म्हणजे प्रयोग तीनदा झाला. आमच्या सीनियरनं तसंच केलेलं, तिच्या सीनियरनंही तसंच. पी व्हॅल्यू, म्हणजे खरा परिणाम नसतानाही असा निकाल योगायोगानं येण्याची शक्यता, इतकी सुंदर, इतकी कमी यायची की मी ग्राफ प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवला होता. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जर्नलला पेपर पाठवला आणि रिव्ह्यूअरचा, म्हणजे तो तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, एकच प्रश्न आला, हा प्रयोग स्वतंत्रपणे किती वेळा केला? मी केला होता एकदा. एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधून काढलेल्या पेशी, एकाच बाटलीतला अर्क, एकाच प्लेटमध्ये. एका पातेल्यातली आमटी तीन चमच्यांनी चाखली म्हणजे आमटी तीनदा केली असं होत नाही, एवढी साधी गोष्ट आहे, आणि ती मला एमएस्सी झालेल्या, नेट दिलेल्या, कोर्सवर्कमध्ये ६८ टक्के मिळवलेल्या बाईला कुणी सांगितलेली नव्हती. कोर्सवर्कच्या पेपरात मी टी-टेस्टचं सूत्र बरोबर लिहिलं होतं, पाच मार्क मिळाले होते. ते सूत्र कशावर लावायचं आणि कशावर नाही हे त्या पेपरात नव्हतं.

मग आठ महिने परत सगळं केलं, वेगवेगळ्या आठवड्यांत, दर वेळी नव्यानं पेशी काढून, नवा अर्क करून. आधीच्या सुंदर आकड्यांपैकी निम्मेच टिकले. वाईट वाटलं पण ते खरे निम्मे होते. टेबलासमोरचा ग्राफ काढून टाकला.

हे फक्त माझ्यासारख्या छोट्या गावातल्या विद्यार्थ्याचं होतं असं कुणाला वाटत असेल तर सांगते, २०१२ साली अमेरिकेतल्या ॲमजेन कंपनीच्या लोकांनी लिहिलं की कॅन्सरवरच्या ५३ नावाजलेल्या पेपरांतले प्रयोग त्यांनी परत करून बघितले तर फक्त ६ मध्ये तेच निष्कर्ष आले. ते पेपर मोठ्या जर्नल्समधले. त्यानंतर तिकडं खूप चर्चा झाली, आणि पीएचडीच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स आणि प्रयोगाची आखणी नीट शिकवायची हा विषय वर आला. आपल्याकडं त्या चर्चेचा परिणाम टाइमटेबलवर झालेला मला तरी दिसत नाही.

दुसरी गोष्ट पेशींची. लॅबमध्ये ज्या सेल लाइन, म्हणजे एकाच मूळच्या, सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, वापरतात त्या बऱ्याचदा हातोहात येतात. ह्या लॅबमधून त्या लॅबमध्ये, थर्मोकोलच्या डब्यात, एसटीनं सुद्धा. फ्लास्कवर मार्करनं नाव लिहिलेलं असतं तेच खरं मानायचं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं दीड वर्ष ज्या पेशी स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून वाढवल्या त्या तशा नव्हत्याच, टेस्ट केल्यावर कळलं त्या हेला निघाल्या. हेला म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स ह्या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून, तिची परवानगी न घेता काढलेल्या पेशी. त्या इतक्या जोमानं वाढतात की चुकून एखादा थेंब दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तरी थोड्या आठवड्यांत मूळच्या पेशी संपून ह्याच उरतात. स्टॅनली गार्टलर ह्या शास्त्रज्ञानं १९६६ मध्येच दाखवून दिलं होतं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या १८ सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच आहेत. त्याला आता साठ वर्षं होत आली आणि आपल्या मुली अजून त्याच खड्ड्यात पडतायत.

तसंच मायकोप्लाझ्माचं. साधा बॅक्टेरिया फ्लास्कमध्ये शिरला तर पेशी ज्या द्रवात वाढतात ते माध्यम गढूळ होतं, रंग बदलतो, लगेच कळतं. मायकोप्लाझ्मा हा अगदी बारीक बॅक्टेरिया शिरला तर काहीच गढूळ होत नाही, नेहमीच्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, त्याला पेशीभित्तिकाच नाही म्हणून पेनिसिलिन चालत नाही, आणि तो आत बसून पेशींचं सगळं वागणं बदलून टाकतो. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून शोधायची टेस्ट) लावून किंवा डीएनएला चिकटणारा रंग वापरून, अशी खास टेस्ट करूनच पकडावा लागतो. आमच्या लॅबमध्ये मी असेपर्यंत ही टेस्ट एकदाही झाली नव्हती, आणि ती करायची असते हे मला पीएचडीच्या पाचव्या वर्षी, दुसऱ्या शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये, जेवणाच्या रांगेत कळलं.

आणि हे सगळं असं असताना देशाची सेल रिपॉझिटरी, म्हणजे पेशींची बँक, आपल्या पुण्यात आहे! गणेशखिंडला एनसीसीएस ह्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेत, तिथून संशोधकांना सेल लाइन मिळतात. एक दिवस मुलांना तिथं नेऊन पेशी कशा साठवतात, कशा ओळखतात, डीएनएवरून पेशी ओळखायचं एसटीआर प्रोफाइल म्हणजे काय, हे कोर्सवर्कचा भाग म्हणून दाखवायला काय हरकत आहे? मिरजेहून पुणे सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री परत येता येतं.

इथं मला कमल रणदिवे यांची आठवण होते. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये पीएचडी मिळवलेल्या. पीएचडीनंतर त्या बाल्टिमोरला गेल्या, जॉन्स हॉपकिन्सला, जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये, हो तेच गाय ज्यांच्या लॅबमध्ये हेला पेशी पहिल्यांदा वाढल्या. तिथं त्या टिश्यू कल्चरचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये स्वतःची टिश्यू कल्चरची लॅब उभी केली. पुढं १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. मला नेहमी वाटतं की डॉक्टरेट हातात असलेली बाई त्या काळात एवढा समुद्र ओलांडून गेली ती पेशी कशा वाढवतात हे करून शिकायला. आपण मात्र तेच काम सुरू करणाऱ्या मुलीला पीपीटी पाठवतो.

एथिक्सच्या पेपराचं जरा सविस्तर लिहिते. २०१९ च्या शेवटी यूजीसीनं हा २ क्रेडिटचा, ३० तासांचा कोर्स आणला, चांगलं झालं, त्यात तत्त्वज्ञान आहे, सायंटिफिक कंडक्ट आहे, पब्लिकेशनमधले गैरप्रकार आहेत, ओपन ॲक्सेस आहे. पण शिकवताना त्याचं होतं काय? मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट राहते, सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा भाग, दहा टक्क्यांच्या आत आणा. २०१८ च्या प्लेजरिझमच्या नियमात दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, तर एथिक्स म्हणजे दहा टक्के असं समीकरण झालंय, आणि ते आणायला मुलं वाक्यं उलटीपालटी करतात, सॉफ्टवेअर लावतात. बायोमेडिकलमधले खरे घोटाळे शब्दांत कमी आणि चित्रांत जास्त असतात. एलिझाबेथ बिक ह्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०,६२१ पेपरांतली चित्रं डोळ्यांनी तपासली आणि २०१६ मध्ये छापलं की ३.८ टक्के पेपरांत गडबडीची चित्रं आहेत, तोच वेस्टर्न ब्लॉटचा (प्रथिनं ओळखायच्या टेस्टचा) पट्टा दोन ठिकाणी, तोच फोटो फिरवून दुसऱ्या नावानं. त्यातल्या निम्म्यांत तरी मुद्दाम केल्याची लक्षणं होती. म्हणजे उरलेल्यांत बरेच जण फाइलींच्या गोंधळात चुकीचा फोटो उचलणारेही असतील. मला हे पटतं, कारण माझ्या पेनड्राइव्हवर एकेकाळी "फायनल", "फायनल नवीन", "फायनल सरांना" अशा नावाच्या चाळीस फाइली होत्या. फाइलला नाव काय द्यायचं, मूळ फोटो कुठं ठेवायचा, त्यावर काय करायचं चालतं आणि काय नाही, ब्राइटनेस वाढवला तर पूर्ण फोटोचा वाढवायचा की एका पट्ट्याचा, हे दोन तासांत शिकवता येतं. कॉम्प्युटरसमोर बसवून. आमच्या कॉम्प्युटर ॲप्लिकेशनच्या पेपराला इनपुट डिव्हाइस आणि आउटपुट डिव्हाइस होतं.

एक्सेलचंच बघा. जीन्सची यादी एक्सेलमध्ये टाकली तर सेप्ट-२ नावाच्या जीनचं तो आपोआप २ सप्टेंबर करतो, मार्च-१ चं १ मार्च. हसायला येईल पण २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा जीन्सच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचातल्या एकात ही चूक सापडली, आणि शेवटी २०२० मध्ये जीन्सना नावं देणाऱ्या समितीनं त्या जीन्सचीच नावं बदलली. ह्याच्यापेक्षा भयंकर प्रकरण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं. २००६ पासून तिथून पेपर आले की पेशंटच्या ट्यूमरमधली जीन्स बघून कुठली केमो लागू पडेल ते आधीच सांगता येतं. त्याच्या जोरावर खऱ्या पेशंटवर ट्रायलही सुरू झाल्या. टेक्सासमधल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरचे दोन बायोस्टॅटिस्टिशियन, कीथ बॅगरली आणि केव्हिन कूम्ब्स, त्यांनी तो डेटा घेऊन परत गणित मांडायला सुरुवात केली तर जीन्सची यादी एक ओळ खाली सरकलेली, काही ठिकाणी औषध लागू पडणारे आणि न पडणारे ही लेबलंच उलटी. बरीच वर्षं भांडून २०१० मध्ये ट्रायल बंद झाल्या आणि त्या वर्षाअखेरपासून पेपर मागं घेतले जाऊ लागले. ही केस वर्गात डेटासकट मांडली, मुलांना सांगितलं शोधा कुठं चुकलंय, तर एका दुपारी जे कळेल ते तीस स्लाइडनी कळणार नाही.

आणि एक प्रसंग, तो मी आजवर फार कुणाला सांगितलेला नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ओपीडीत रक्ताचे नमुने घ्यायला बसायचे. एथिक्स कमिटीची परवानगी होती, संमतीपत्रं होती, मराठीत होती, म्हणजे अक्षरं मराठी होती. "सदर अभ्यासातील सहभाग ऐच्छिक असून सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याची मुभा राहील" असलं. कवठेमहांकाळकडच्या एक आजीबाई आल्या, सोबत नातू. मी वाचून दाखवलं, त्यांनी मान हलवली, अंगठा दिला, मी पाच एमएल रक्त काढलं, कापूस दाबून धरायला सांगितला. उठताना त्या म्हणाल्या, "बाई, मग आता माझं दुखणं काय निघतंय ते कधी कळंल? परत यायला लागंल व्हय? गाडीभाडं लई हाय." त्यांना वाटलं होतं ही तपासणी त्यांच्यासाठी आहे. मी जे काही वाचलं होतं त्यातलं त्यांच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं, आणि पोचलंय का हे विचारायचं असतं, त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी "नाही आजी, यायची गरज नाही" एवढंच बोलले. नमुना वापरला गेला. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मी त्यानंतर बऱ्याच उशिरा स्वतः वाचली. संमती म्हणजे सही नाही, समजून दिलेला होकार, हे शिकवायला मराठी माध्यमातल्या एका चांगल्या नर्सताईंचा एक तास पुरला असता.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचंही तेच. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तत्त्वं, प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येईल का, कमी प्राण्यांत भागेल का, त्रास कमी होईल का, ही पाठ होतात. पण उंदीर हातात धरायचा कसा, तो घाबरलाय हे ओळखायचं कसं, हे पहिल्यांदा शिकतो ते खऱ्या प्रयोगाच्या दिवशी, म्हणजे उंदराच्या जिवावर. आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांचा नियम २०१६ चा आहे, हॉस्पिटलमधल्या सफाई कामगार मावशींना तो तोंडपाठ असतो, पीएचडीच्या मुलांना नसतो. सुई कुठं टाकायची हे न कळणाऱ्या मुलाच्या हातात आपण कुणाचंतरी रक्त देतो. हेपॅटायटिस बीची लस घेतलीस का, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. भाचीला मी विचारला, नव्हती घेतली, पहिला डोस परवा दिला.

दुसरीकडं काय करतात तेही सांगते. अमेरिकेत बायोमेडिकलच्या बऱ्याच पीएचडी प्रोग्रॅममध्ये पहिल्या वर्षी मुलं दोन-तीन लॅबमध्ये आळीपाळीनं काम करतात, त्याला रोटेशन म्हणतात, मग गाइड ठरतो. एनआयएच ह्या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या ट्रेनिंगच्या पैशावर असलेल्या विद्यार्थ्याला संशोधनातल्या जबाबदार वागणुकीचं किमान आठ तासांचं, समोरासमोरच्या चर्चेचं ट्रेनिंग लागतं, आणि ते चार वर्षांतून एकदा तरी परत. आपल्याकडं टीआयएफआर, आयसर अशा राष्ट्रीय विज्ञान संस्थांत रोटेशन आहेच. म्हणजे भारतात जमत नाही असं नाही. प्रश्न आमच्यासारख्या कॉलेजांना जोडलेल्या रिसर्च सेंटरचा आहे, जिथं महाराष्ट्रातली कितीतरी मुलं पीएचडी करतायत.

तिथल्या अडचणी मला माहीत आहेत, मी त्यातूनच आलेय. ज्याला जेआरएफ, म्हणजे सरकारी संशोधन फेलोशिप, आहे त्याला महिना ३७,००० मिळतात, तो पूर्णवेळ लॅबमध्ये बसू शकतो. ज्याला नाही तो सीएचबीवर, म्हणजे तासावारी मानधनावर, कॉलेजात तास घेतो, तासाचे पैसे पण महिनोन्महिने उशिरा येतात, तो पीएचडी शनिवार-रविवारीच करणार. त्याला अजून एक वर्ष कोर्सवर्क लावा असं मी म्हणत नाहीये. आहेत त्याच १२ क्रेडिटचे तास आहेत त्याच शनिवार-रविवारी, फक्त हॉलमधून काढून लॅबमध्ये न्या. स्टॅटिस्टिक्स शिकवायला माणूस नाही म्हणतात, पण जवळच्या मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याचं, डिपार्टमेंट असतं, तिथं स्टॅटिस्टिशियन असतात, सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात तर मेडिकल कॉलेजं हाकेच्या अंतरावर. त्यांना बोलावा, मानधन द्या. चार कॉलेजं मिळून एक बॅच करा. एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांना आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च हा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे, तो आपल्या पीएचडीच्या मुलांना क्रेडिटमध्ये धरायचा विचार करा. आणि शेवटची परीक्षा लेखी न घेता मुलाला एक खरी डेटाशीट द्या, चुकांसकट, आणि म्हणा, शोध.

गाइड मंडळींबद्दल एक बोलायलाच हवं, रागावू नये. बरेच गाइड म्हणतात कोर्सवर्कमध्ये वेळ जातो, लवकर संपव आणि बेंचवर ये. प्राध्यापकाकडं आठ, असोसिएटकडं सहा, असिस्टंटकडं चार विद्यार्थी असू शकतात, त्यात शिकवण्याचं ओझं, नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, ओझं, प्रत्येकाच्या शेजारी बसून पिपेट धरायला शिकवणं त्यांना शक्य नाही हे मी जवळून बघितलंय. माझे गाइड माणूस म्हणून फार चांगले होते, प्लेटची चूक त्यांच्याही लक्षात आली नाही कारण त्यांनाही ती कुणी दाखवली नव्हती. म्हणूनच हे काम एका गाइडवर सोडू नका, विभागानं मिळून करा. २०२२ च्या नियमात तर असंही आहे की पीएचडीच्या मुलांना शिकवण्याचं ट्रेनिंग द्यावं आणि आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल, लॅबचं काम देता येतं. मग चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांनाच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला बसवा ना. कुठं चुकलं ते त्यांना ताजं आठवत असतं.

भाचीला मी एक जाड वही आणून दिलीय, पानांवर नंबर टाकून, तारीख घालून पेननं लिही, पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची आणि शेजारी का चुकलं ते लिहायचं, असं सांगितलंय. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडं कुणीच असं लिहीत नाही, रफ पेपरवर लिहितात आणि मग एक्सेलला टाकतात." मी म्हटलं, तू लिही.

माझ्या त्या पहिल्या एमटीटी प्लेटची मूळ फाइल अजून माझ्याकडं आहे, ९६ च्या ९६ रीडिंग, आणि नंतरच्या आठ महिन्यांतल्या सगळ्या प्लेट्सच्याही. कुठल्याही विद्यापीठाच्या विभागाला कोर्सवर्कमध्ये मुलांसमोर ठेवायला हव्या असतील तर मी देईन, आणि रविवारी येऊन स्वतः समजावूनही सांगेन, मानधन नको. संपादकांकडं माझा पत्ता आहे.

आपली,
एक वाचक, मिरज